दुबईतलं माझं कामगार-कल्याण

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१०
नवीन वर्ष, नवीन वही. चार दिवस उशीर झाला, कारण पेन सापडत नव्हतं. संकल्प: रोज चालणे. रोज लिहिणे. शीलाशी वाद न घालणे (तिचं चुकत असलं तरी).
मंदाकिनीताईंचा फोन. त्या इथल्या, म्हणजे कॅनडातल्या मिसिसागाच्या आमच्या मराठी ज्येष्ठ गटाच्या अध्यक्ष. १५ फेब्रुवारीला कम्युनिटी सेंटरमध्ये व्याख्यान द्याल का, म्हणाल्या. विषय: दुबईतली २००९ची मंदी आणि कामगारांचे हक्क. विचार करून कळवतो म्हणालो. विचार फोन ठेवायच्या आत झाला.
नऊ वर्षं तिथल्या बांधकाम कंपनीत एच.आर. मॅनेजर होतो. दोनशे चाळीस कामगार. मानवी हक्क इतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेत?

६ जानेवारी
उणे अठरा. चालणे रद्द. ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढणं हासुद्धा व्यायामच. शीलाने केला.

९ जानेवारी, दुपार
स्लाइड्स करतोय. कामगारांच्या कॅम्पात पाण्याचे कूलर दोन होते. तिसऱ्यासाठी मी मेमो लिहिला होता. निदान लिहायचं ठरवलं होतं. स्लाइडचं नाव: 'कूलरसाठी संघर्ष'. एका खोलीत बारा जण राहायचे, त्याला 'सामूहिक जीवन'. दुबईची चमक दिसावी म्हणून पहिल्या स्लाइडवर एक टॉवर आणि सूटमधला मी. टॉवर थोडा कापावा लागला.
शीलाने बघितलं. विचारलं, पासपोर्टांची स्लाइड कुठाय?
म्हटलं, पासपोर्टांचं काय? तेव्हा सगळ्याच कंपन्या ठेवून घ्यायच्या. कायद्यात बसत नव्हतं, पण कपाटात व्यवस्थित बसत होतं. कपाट फायरप्रूफ होतं.
ती म्हणाली, आणि किल्ली?
वाद न घालण्याचा संकल्प असल्यामुळे बेसमेंटमध्ये गेलो.

१० जानेवारी
किल्लीचं एकदा स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपेल. ऑक्टोबरपासून पगार थांबले होते. जानेवारीत मालक पळाला. आमची कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आलेलीच होती, म्हणून फेब्रुवारीत आम्ही निघालो. मी पळालो नाही. रिटर्न तिकीट नव्हतं, एवढंच. किल्ली पँटच्या खिशात चुकून आली. डुप्लिकेट मालकाकडे होती, म्हणजे ती कुठेच नव्हती. इथे आल्यावर कुरियर करणार होतो, पण बर्फ फार होतं. बर्फ वितळेपर्यंत कंपनीच राहिली नव्हती.
विषय संपला.

१९ जानेवारी
मंदाकिनीताईंचा फोन. फ्लायर छान गेलंय. माझा फोटो बघून तासाभरावरच्या किचनर गावच्या एका गृहस्थांनी आपणहून फोन केला, मलाही दोन शब्द बोलायचेत म्हणून. नंदन पालशेतकर. मूळचे गुहागरचे, तेव्हा दुबईत होते, आता इथे इलेक्ट्रिशियन, स्वतःची व्हॅन. म्हणजे माझं नाव अजून चालतं! नुसता फोटो बघून फोन! ताईंना म्हणालो, अवश्य बोलवा, कामगाराची बाजूही यायला हवी. मन मोठं असलं की असं होतं.
नाव मात्र आठवत नाही. दोनशे चाळीस नावं कोण लक्षात ठेवणार?

त्याच दिवशी, संध्याकाळ
शीलाला आठवलं. लगेच. म्हणाली, निघायच्या आदल्या शुक्रवारी फ्लॅटवर आला होता तो, दुसऱ्याचे बूट घालून. आई आजारी होती, पासपोर्ट द्या म्हणत होता. मी पाणी दिलं. तुम्ही वॉशरूममध्ये लपलात.
लपलो नव्हतो. पोट बिघडलं होतं.

२३ जानेवारी
धोरण: कार्यक्रमाआधी पालशेतकरांना घरी जेवायला बोलावणे, म्हणजे दोघांच्या भाषणात सुसूत्रता येईल. फोन केला. ते कोणाच्या तरी छतावर होते. म्हणाले, जेवण नको, तिथेच बोलू की. आवाज शांत होता. राग अजिबात नाही. शीलाला सांगितलं. ती म्हणाली, शांत होता त्याचीच मला भीती वाटते. बायकांना नसतं टेन्शन शोधून काढायची सवयच असते.

३१ जानेवारी
घसा दुखतोय असं वाटतं. व्याख्यान रद्द करावं लागतं की काय. शीलाने टॉर्च लावून बघितलं. म्हणाली, घसा उत्तम आहे.

८ फेब्रुवारी
अबोलीचा फोन. ती किचनरला सॉफ्टवेअरमध्ये असते. दुबई सोडली तेव्हा आठ वर्षांची होती. 'I'm coming for your talk, Baba. So proud of you,' म्हणाली. आता रद्द करणं शक्य नाही. पासपोर्टांवर अर्धी स्लाइड घातली. रंग फिका ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार
सविस्तर नंतर लिहीन.

१६ फेब्रुवारी, फॅमिली डे. सुट्टी
लिहितो.
सत्तर लोक. मी उदारपणे पालशेतकरांना आधी बोलू दिलं. स्लाइड नाही, कागद नाही. स्वेटर घातलेला, किरकोळ बांध्याचा माणूस. बघूनही आठवला नाही.
त्याने लोकांना हसवलं. कॅम्पाची वीज तोडली तेव्हा साइटवरच्या फळ्या जाळून भात कसा शिजवायचे, ते सांगितलं. भाताला रंगाचा वास यायचा, म्हणाला. मग आईचं सांगितलं. ती गुहागरला आजारी, हा इकडे पासपोर्टाशिवाय. एच.आर. साहेबांच्या घरी गेलो, म्हणाला. वहिनींनी पाणी दिलं, साहेब घरी नाहीत म्हणाल्या. आतून फ्लशचा आवाज आला. मी उभाच राहिलो. मग फ्लशचा आवाज परत आला. मग तिसऱ्यांदा.
सगळा हॉल हसला. शीला मांडीकडे बघत होती.
पुढच्या आठवड्यात साहेब किल्लीसकट कॅनडाला गेले, म्हणाला. पाच आठवड्यांनी लेबर कोर्टाचा माणूस आला आणि कपाट फोडलं. त्याच्या अकरा दिवस आधी आई गेली.
आता कोणी हसलं नाही. तो म्हणाला, एवढंच बोलायचं होतं, आणि खाली बसला. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.
मंदाकिनीताई डोळे पुसत उठल्या. आता आपले दुसरे वक्ते, म्हणाल्या, त्याच काळात दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत एच.आर.
तिथे त्या थांबल्या. हातातल्या कागदाकडे बघितलं. मग नुसतं 'देवदत्त कोरगावकर' म्हणाल्या.
सूटमधला मी पडद्यावर आलो. चार मिनिटं बोललो. त्यातली दोन दुबईच्या हवामानावर. 'कूलरसाठी संघर्ष' आल्यावर मागे कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं. प्रश्न आहेत का, असं मी विचारायला नको होतं. अबोली उभी राहिली. 'Why didn't you just courier it?'
मी म्हणालो, बर्फ होतं.
मिसिसागात, फेब्रुवारीत, सत्तर लोकांसमोर.
ती जेवायला न थांबता गेली.

२० फेब्रुवारी
अबोलीचा फोन नाही. डेडलाइन असेल.

२७ फेब्रुवारी
अबोलीचा मेसेज. शीलाला. 'Tell him I'm not ready.' शीलाने वाचून दाखवला. मी म्हणालो, तुलाही तेव्हा माहीत होतं की सगळं. ती म्हणाली, हो. म्हणूनच सतरा वर्षं मला ते दुसऱ्याचे बूट आठवतायत. तुम्हाला काय आठवतं?
कपाटाचा रंग आठवतो. करडा होता.

८ मार्च
पाडव्याच्या कार्यक्रमाच्या याद्या ग्रुपवर आल्या. निवेदनात मी नाही, दरवर्षी असतो. स्वागत समितीत नाही. शेवटी सापडलो: खुर्च्या. कदाचित माझ्या पाठीवर त्यांचा विश्वास असेल.

२२ मार्च, रविवार
खुर्च्या लावायला दहाला पोचलो. हॉलमध्ये फक्त पालशेतकर, माइक आणि दिव्यांचं काम करत होते. खिशात दीड पानांचं लेखी स्पष्टीकरण होतं. तीनदा लिहिलेलं, त्यात 'तत्कालीन परिस्थिती' चार वेळा. काढलं नाही. चुकलं माझं, म्हणालो. तेवढंच आलं.
ते वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, आई फोनवर रोज विचारायची, कधी येतोस. मी सांगायचो, साहेब दोन दिवसांत देतायत.
मी खिशातला कागद आणखी खाली दाबला.
मग त्यांनी शिडी उघडली, आणि म्हणाले, फरशी गुळगुळीत आहे, जरा धराल का? धरली. ते वर चढून दिवे लावत राहिले. खाली खुर्च्या तशाच रचलेल्या.
दार उघडून अबोली आत आली, शीलाबरोबर, श्रीखंडाचे डबे घेऊन. आमच्याकडे बघून 'हाय' म्हणाली. शिडीवरच्याला की खालच्याला, ते कळलं नाही.