देयसीनं मान धरली नाही

कोल्पापाम्पा, ११ ऑगस्ट

लेओकादिया, धाकटे,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. नको असला तर बाजूला ठेव. इकडे सगळे बरे आहेत. पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. वारा सुटलाय, ताटात अन्नापेक्षा धूळ जास्त. यंदा गोठवणारं दंव नीट पडलं नाही, त्यामुळे दंवात गोठवून सुकवायला टाकलेले बटाटे अर्धे कुजले. तू म्हणे आता ते बाजारातून आणतेस, तेव्हा तुला दंवाशी काय करायचंय.

तुला चौथीपर्यंत शाळेत घातलं आणि मला मेंढ्यांमागे. ही चार अक्षरं मी म्हातारपणी गावातल्या प्रौढांच्या वर्गात गिरवली. चुकली तर हस, पण शेवटपर्यंत वाच. माझी सून रुफिना म्हणाली, "मामाय, मावशींना फोन करा की." मी म्हटलं, फोनवर ती मध्ये मध्ये बोलते. कागद मुकाट्यानं ऐकून घेतो.

मे महिन्यात क्रुसाच्या सणाला तू वर आली होतीस, त्यानंतर आपण बोललो नाही. बटाटे उकडून झाले होते, सगळ्या बायका घोंगडी पसरून बसल्या होत्या आणि तू तुझ्या नातवाला, येर्सोनला, मध्ये उपडं टाकलंस. चार महिन्यांचं पोर. त्यानं कोपर टेकले आणि दगडावरच्या सरड्यासारखी मान वर काढून सगळ्यांकडे बघितलं. बायका हसल्या. तू म्हणालीस, "बघा, याला एक दिवस पट्ट्यात बांधला नाही." मग माझ्याकडे वळून, "हर्मे, सोड की तुझ्या नातीला, देयसीला. अकरा दिवसांचं तर अंतर आहे, दोघं खेळू देत."

मी म्हटलं, "वारा आहे. झोपलीय ती."

ती झोपली नव्हती. डोळे टक्क उघडे होते, तुलाही दिसत होते. तू हसलीस. ते हसू माझ्या पोटात अजून आहे. मग मी उठले आणि दहा बायकांसमोर तुला म्हणाले, की तुझी नजर वाईट आहे, तुझ्यामुळे माझी नात दूध ओकते. तू घोंगडी झटकलीस, येर्सोनला उचललंस आणि सणाचं जेवण न जेवता ट्रकमध्ये बसलीस.

ते खोटं होतं. दृष्ट लावली ती मी, तुझ्या नातवाला. मी त्याच्या त्या मानेकडे असं बघितलं की दुसरं एखादं पोर तापानं फणफणलं असतं. त्याला काही झालं नाही म्हणतात. म्हणजे माझ्या नजरेतही आता दम राहिला नाही.

आता ऐक. आपल्याकडे पोराला खांद्यापासून पायापर्यंत पट्ट्यानं गुंडाळायचं, नाही तर हाडं दुधासारखी राहतात, हे मला आईनं सांगितलं आणि आईला तिच्या आईनं. पाच गावांतल्या बाया पट्टा माझ्याकडून विणून घेतात. हर्मेलिंदाच्या पट्ट्यातलं पोर काठीसारखं सरळ वाढतं, असं त्या म्हणतात आणि मी म्हणू देते. देयसीला मी सर्वांत चांगला पट्टा विणला, लाल, त्यावर तळ्यातल्या पाखरांची ओळ. त्यात ती सरळ दिसायची. रडायची नाही, हलायची नाही. बायका म्हणायच्या, काय शहाणं लेकरू. मी म्हणायचे, माझ्यावर गेलंय.

पण आंघोळीला पट्टा सोडावा लागतो. दुसऱ्या महिन्यात एकदा रुफिना नदीवर गेली होती, मी पट्टा सोडला, एक हात पाठीखाली घातला आणि उचललं. मान मागे पडली. लहान पोराची मान पडतेच, मी पाच वाढवली, मला शिकवू नकोस. पण ही तशी नव्हती. काखेत हात घालून धरलं तर ती हातातून खाली घसरत होती, भिजलेल्या लोकरीसारखी. मी तिला पुसलं आणि परत बांधलं. त्या दिवसापासून आंघोळ मीच घालायला लागले. रुफिनाला म्हटलं, तुझे हात गार असतात.

जूनमध्ये दवाखान्याची नर्स घरापर्यंत चढून आली. मार्लेनी नाव, अजून पोरसवदा, बूट चिखलानं भरलेले. म्हणाली, "मामाय, बाळाच्या दोन तपासण्या बुडल्यात. कुठे आहे ती?"

मी दारात उभी. म्हटलं, "आई घेऊन गेलीय. माहेरी."

"कधी येईल?"

"माहेरी गेलेली सून कधी येते ते तुला लग्न झाल्यावर कळेल."

ती हसली, पाणी प्यायली आणि गेली. देयसी माझ्या मागे आठ पावलांवर मेंढीच्या कातड्यावर होती. आवाज केला नाही. दुसरं कुठलंही पोर रडलं असतं आणि मी पकडले गेले असते.

का केलं असं, ते तूच ओळखशील, तुझ्यासारखी जळणारी दुसरी नाही. नाही, मी खोडते. जळणारी मी. नर्सनं कार्डावर 'पोर अशक्त' असं लिहिलं, की ते दवाखान्यातून बाजारात जाईल, बाजारातून तुझ्या कानावर. तू काही बोलणार नाहीस, फक्त येर्सोनला या कडेवरून त्या कडेवर घेशील. ते चित्र मला नको होतं. तेवढ्यासाठी मी पोरीचे चार महिने घालवले.

मागच्या महिन्यात मी पट्टे विकायला गेले, तेव्हा रुफिनानं मला न विचारता तिला दवाखान्यात नेलं. आले तर चूल थंड. संध्याकाळी रुफिना आली, पट्टा तिच्या खांद्यावर, पोर मोकळं, डोकं तिनं हातात धरलेलं. म्हणाली, "मामाय, तुम्हाला माहीत होतं." लेओ, तू मला आयुष्यात गप्प बसलेली पाहिली आहेस का? तर ती मी त्या संध्याकाळी होते.

गुरुवारी आम्ही सिकुआनीला मोठ्या डॉक्टरकडे आलो. तुझ्या दारावरूनच गेलो. तारेवर येर्सोनच्या छोट्या पँटी वाळत होत्या, गुडघ्यांवर मळलेल्या. म्हणजे तो रांगतोय. मी रुफिनाला म्हटलं, भराभर चल.

डॉक्टर बाई होती, चष्मेवाली. तिनं देयसीला चटईवर निजवलं, दोन्ही हात धरून हळूच बसती केली. शरीर वर आलं, डोकं मागे राहिलं. मग पोटाखाली हात घालून उचललं तर दोन्हीकडून लोंबली. तरी ती डॉक्टरकडे बघून हसत होती, निर्लज्ज. डॉक्टर म्हणाली, "नजर छान आहे, ओळखते, हसते. पण स्नायूंना जोर कमी आहे. सात महिन्यांत मान धरायला हवी होती. कशामुळे आहे ते रक्त तपासून बघू, लगेच कळेलच असं नाही. पण व्यायाम आजपासून. आठवड्यात तीन दिवस इथे, बाकी घरी."

मी विचारलं, "पट्ट्यानं झालं का?"

"नाही, मामाय. पट्ट्यानं झालं नाही. पट्ट्यात दिसलं नाही, एवढंच."

झालं असतं तर बरं होतं. सोडला असता आणि संपलं असतं.

मग तिनं कागद ओढला आणि विचारलं, "तुमच्या घराण्यात आधी असं मूल झालं होतं का? नीट आठवा. त्यावर कोणती तपासणी करायची ते ठरतं." रुफिना म्हणाली, तिच्याकडे नाही. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "आमच्याकडची पोरं लाकडासारखी टणक."

तिनं तसं लिहून घेतलं.

लेओ, मी इथवर पोचायला तीन पानं घालवली. तुला पहिल्या पानावरच कळलं असेल.

बसिलिओ. माझा पहिला. घरात त्याचं नाव निघत नाही. एदिल्बेर्तोला, देयसीच्या बापाला, माहीतही नाही की त्याच्या आधी एक होता. तोही रडायचा नाही, मांजराच्या पिलासारखा कुई करायचा. दूध ओढता ओढता दमायचा. त्यालाही सगळे शहाणा म्हणायचे. देयसीला काखेत हात घालून धरलं तेव्हा माझ्या हातांना ते वजन ओळखीचं होतं. डोक्याला नंतर कळलं, हातांना आधी.

सात महिन्यांचा होता. मी लोकर कातरायला वर गेले, त्याला तुझ्याकडे देऊन. तू सोळाची. चौथ्या दिवशी खाली आले तर तू त्याला धुऊन, बांधून, तोंडावर पांढरं फडकं घालून ठेवलं होतंस. मी तुला एक शब्द विचारला नाही. लोकांना वाटलं, मोठ्या मनाची आहे, बहिणीला दोष देत नाही. दोष मी कधीच दिला नाही. तुझा दोष नव्हता. पण एकोणचाळीस वर्षं मी तुझ्यावर जळते, की त्यानं शेवटचं बघितलं ते तुझं तोंड. त्याच्यापुढे येर्सोनची मान म्हणजे काहीच नाही.

आता कामाचं. रविवारच्या ट्रकनं रुफिना आणि देयसी खाली येतील. तुझ्याकडे मागे मक्याच्या पोत्यांची खोली आहे, पोती हलव. तीन दिवस व्यायाम, इतक्या लांबून ते जमणार नाही. रुफिना कामाची आहे, कमी बोलते, मीठ जास्त घालते, सांगितलं तर ऐकते. तुझ्या नातवाशी तुलना करायचीच असेल तर माझ्यासमोर कर, मला सवय आहे. तिच्यासमोर नको.

आणि दुसरं. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर परत बघणार आहे. तू बरोबर जा. म्हातारी खोटं बोलली असं सरळ सांग. त्याला गिळता येत होतं का, श्वास कसा चालायचा, ताप होता का, शेवटचे चार दिवस कसे गेले, हे सगळं ती विचारेल, आणि हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. मी कधी विचारलं नाही. अजून विचारवत नाही. तू तिला सांग. रुफिना ऐकेल, घरी येऊन मला सांगेल, मी शेंगा सोलता सोलता ऐकेन. एदिल्बेर्तो खाणीवरून आला की त्याला मी सांगेन, ते माझं काम.

नुसतं 'एक मुलगा होता' एवढंच नको सांगूस. नाव सांग. लिहून घ्यायला लाव.

नाही म्हणालीस तर मी काही करू शकत नाही. पोरीचे आणखी महिने जातील, एवढंच.

बसिलिओची आई,
हर्मेलिंदा