अक्कानं धरलेला अँटेना

॥ श्री ॥
टोरोंटो, ३ ऑगस्ट २००६

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसती ‘हूं, हूं’ करतेस, म्हणून पत्र. यंदाही दिवाळीला येणं जमत नाही, रागावू नकोस. सोबत सीडी पाठवतोय. आपण दर रविवारी सकाळी बघायचो ती अंतराळयानाची मालिका! देशपांडे नगरातली अर्धी पोरं आपल्या सोप्यात जमायची, आठवतं? शेजारच्या विमलकडे कॉम्प्युटर आहे, तिथं लावून बघ आणि कळव.

लोभ आहेच, तो वाढो.
तुझा जयू

॥ श्री ॥
हुबळी, २२ ऑगस्ट २००६

चि. जयतीर्थ यास कुसुमावतीचे अनेक आशीर्वाद.

शहाण्या, ‘आपण’ कुठं बघायचो? बघायचास तू! चित्र धड दिसायचं नाही, म्हणून मी गच्चीवर अँटेना धरून उभी. खालून तू कानडीत ‘बंतु, अक्का, बंतु!’ म्हणून ओरडलास की चित्र आलं समजायचं आणि तसंच थांबायचं. हात सुटला की चित्र गेलंच. मी मालिका कधी बघितलीच नाही रे, जेवताना तू सांगायचास ती ऐकली.

काल पहिल्यांदा बघितली. विमल चहा ठेवून आत गेली, मी एकटीच. यान त्या बाईला परक्या ग्रहावर मागे ठेवून जातं आणि ती रोज आभाळाकडे बघत बसते. तुझ्या गोष्टीत यान परत आलं होतं, तिनं खिडकीतून हातसुद्धा केला होता. इथं ते येतच नाही. दुसऱ्याच्या घरी मला रडू आलं, लाज वाटली.

आपले अप्पा गेल्यापासून घर खायला उठतं. यंदा तरी ये.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी अक्का

॥ श्री ॥
टोरोंटो, १० सप्टेंबर २००६

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

गच्चीवरून उतरायचीस तेव्हा तुझे हात भरून आलेले असायचे, आणि पहिला प्रश्न, यान आलं का? तुझं तोंड बघून ‘नाही’ म्हणवलं नाही मला. आणि तू इतकी वर्षं खरं धरून बसलीस!

दिवाळी राहू दे, संक्रांतीला येतो. नक्की येतो. आता तरी हस.

लोभ कमी करू नकोस.
तुझा जयू

॥ श्री ॥
हुबळी, २८ सप्टेंबर २००६

चि. जयू, अनेक आशीर्वाद.

‘नक्की येतो’ वाचलं आणि हसले. माझं तोंड दिसत नाही, तरी तू अजून तसंच सांगतोस. मीही खरं धरते, सवय आहे. तुझी खोली झाडून घेतली.

अँटेना अजून गच्चीवर आहे, गंजलाय. रविवारी वर गेले आणि उगीच धरून उभी राहिले. खालून कुणी ओरडलं नाही.

आलास तर आनंद, नाहीतर लिहीत तरी जा.
तुझी अक्का