खोट्या स्फटिकांचा नैवेद्य

कोऱ्हाळे बुद्रुक
शनिवार, ६ डिसेंबर २०२५
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चि. राजलक्ष्मीस,

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त यावेळी रागाच्या हातानं दिलेले.

इकडं सगळं ठीक. बाबांची दिवसपाळी चालू आहे. कारखाना जोरात आहे, त्यामुळं वाळत घातलेल्या धुण्यावर रोज काजळी. आजीचा गुडघा थंडीनं धरलाय. सारजाकाकूच्या गाईला कालवड झाली, तिचा खरवस तुझ्या वाटणीचा काकूनंच खाल्ला. माझं म्हणशील तर पायरीचं लागलेलं कधीच बरं झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पत्र का, असं विचारशील. फोनवर तू "हं हं, आई, नंतर बोलते" म्हणून ठेवतेस, आणि हल्ली तर उचलतच नाहीस. पत्र फेकता येतं, पण मधे तोडता येत नाही. दीपक उद्या पहाटे भाजीची गाडी घेऊन पुण्याला निघतोय, त्याच्याजवळ हे पाकीट आणि डबा देते. डबा आधी उघड.

आता मुद्द्याचं. तुझ्या लॅबमधली सोनल येऊन गेली. इंदापूरला माहेरी निघाली होती, वाट वाकडी करून आपल्याकडं आली. गुणी पोर आहे, आल्या आल्या आजीच्या पाया पडली. मी चहा टाकला आणि कौतुकानं विचारलं, "काय गं, राजूचे ते स्फटिक दिसतात तरी कसे? खडीसाखरेसारखे का साखरेसारखे?"

ती म्हणाली, "कुठले स्फटिक, काकू? दीदीचे अजून आलेच नाहीत. परवाच सगळं प्रथिन नळीत गोळा होऊन वाया गेलं."

माझं तोंड बघून तिच्या ध्यानात आलं. चहा तिनं असा घाईनं घेतला की जीभ भाजली असणार.

राजू, आता तूच सांग, मी काय करू?

तू शिकलेली, तुला वाटतं आईला त्यातलं काय कळतंय. सगळं कळतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत करंज्या लाटताना तूच तर समजावलं होतंस. बाबांना तू विचारलंस, "बाबा, ऊस कमी पडायला लागला हे कारखान्यात सगळ्यात आधी कुणाला कळतं?"

"म्हस्कूला," बाबा म्हणाले. "गेटावर. रिकाम्या ट्रॉल्या यार्डात साचाय लागल्या की त्यो बोंबलतो."

"मग माझं प्रथिन म्हणजे म्हस्कूच!" तू टाळी वाजवलीस. हाताचं पीठ सगळं माझ्या लुगड्यावर.

त्याचं खरं नाव जीसीएन टू, पण घरात तेव्हापासून म्हस्कूच. माणसाच्या पेशी-पेशीत प्रथिनांचा कारखाना असतो, त्याला कच्चा माल आणणाऱ्या बारक्या ट्रॉल्या असतात, आणि पोटात अन्न नसलं की त्या रिकाम्या हिंडतात. एरवी हा म्हस्कू अंगाची घडी करून, आपलाच हात आपल्या तोंडावर धरून, आपल्यासारख्याच जुळ्या जोडीदाराला चिकटून गप बसलेला असतो. रिकामी ट्रॉली त्याला येऊन टेकली की घडी उलगडते. मग तो उठून शिक्का मारतो. शिक्का बसला की गाळप मंद. चालू राहतं ते फक्त दुरुस्तीचं वर्कशॉप. असा शिक्का मारणाऱ्याला काइनेज म्हणतात. बघ, चुकले का कुठं?

तू कणकेचे दोन गोळे एकमेकांना चिकटवून, शेपट्या काढून ते दाखवलं होतंस. आजी म्हणाली, "ह्ये उंदीर तळायचं का न्हाय?"

आणि बाबांनी ही गोष्ट गेटवर सांगितल्यापासून खरा म्हस्कू मला दिसेल तिथं अडवतो. "वैनी, पुण्याच्या लॅबोरेटरीत माझा फोटो कवा लागणार?" मी कितीदा सांगितलं, अरे बाबा, फोटोच तर निघत नाही. त्याचे स्फटिक झाले तर त्यातून त्याची आकृती कळणार, आणि ते होत नाहीत. "म्हंजे पाकात दाणा धरंना म्हना की," असं म्हणून तो आपला हळहळत जातो.

तू हळहळत नव्हतीस, तू वाळत होतीस. आईला दिसतं ते. म्हणून नृसिंह जयंतीला मी नरसिंहपूरला देवापुढं बोलले, की राजूचे स्फटिक येईपर्यंत एकवेळ जेवीन, तेही फराळाचंच. धान्य नाही. तुला हसू येईल, पण माझा हिशेब सरळ होता. उपाशी राहिलं की म्हस्कू जागा होतो हे तूच सांगितलंस. म्हटलं, माझ्यातला जागा झाला तर पुण्याच्या नळीत निजलेल्या त्याच्या भावालाही जाग येईल. एकाच जातीचे ते. मी काय चुकीचं केलं?

बाबा म्हणायचे, "अगं, त्यो नळीतला हाय. त्याला तुझ्या पोटाचं काय ठाव?" मी म्हणायचे, देवाला ठाव आहे ना, झालं.

आणि मग भाद्रपदात तुझा फोन आला, "आई, स्फटिक आले! आता जेव." मी फोन धरूनच रडले. पुरणाचा नैवेद्य केला, शेजारच्या बनाबाईंना सोबत घेऊन नरसिंहपूर गाठलं, देवापुढं पदर पसरून म्हणाले, माझ्या लेकीचं काम केलंस, नवस फिटला. परतताना शेळगावला माहेरी सगळ्यांना पेढे दिले. म्हस्कूला तर दोन. त्यानं त्यातला एक गेटवरच्या देवाच्या फोटोला ठेवला.

हे सगळं खोट्यावर! बाहेरच्यांशी खोटं बोललीस तर एक वेळ समजू. माझ्या तोंडून देवाशी बोललीस. सारजाकाकूला कळलं तेव्हापासून ती चुलीपाशी बसून विचारते, "मंग आता काय वो जाऊबाई, पुरन परत मागायचं का देवाकडनं?" पण देवाला काय सांगू हे मलाच सुचत नव्हतं.

परत उपास धरावा असं मनात आलं. आलं काय, सोनल गेल्यावर मी धरलाच. काल सकाळी बाबा पोळीचं ताट माझ्यापुढं ठेवून कामावर गेले. जाताना पायातली चप्पल उलटी घातली. तेव्हा मला दवाखाना आठवला.

बरं, लिहिते. पायरीवर मी घसरले नव्हते, चक्कर येऊन पडले. नरसिंहपूरच्या पायऱ्यांवर, श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी. तुला मी 'जरा घसरले' म्हणून सांगितलं. बारामतीला सलाइन लावलं तेव्हा शुद्धीत नव्हते, आणि जाग आली तेव्हा तू पलंगाशी होतीस. तू माझ्या तोंडाला पेला लावलास आणि अर्धं पाणी माझ्या गळ्यावर सांडलंस. डॉक्टर तुझ्याशी बाहेर काय बोलले ते मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. पुण्याला परत गेलीस आणि चौथ्या दिवशी स्फटिक आले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. वर्षभर न आलेली गोष्ट अशी चार दिवसांत येते होय?

त्या दिवाळीतलं तुझं अर्धं बोलणं मी मनात ठेवलं आणि अर्धं करंजीत भरून टाकलं. तू पुढं असंही म्हणाली होतीस, की म्हस्कूनं गाळप थांबवणं चांगलं, पण थोड्या वेळापुरतं. माल येऊनही त्याचा शिक्का उतरला नाही, गेट बंदच राहिलं, तर शेवटी कारखानाच मोडीत निघतो. तो जागा कसा होतो आणि परत शांत कसा होतो, दोन्ही बघायचं म्हणून तर तुला त्याची आकृती पाहिजे. मी फक्त त्याला जागं करण्याचं पुण्य ऐकलं. शांत करायचं राहून गेलं.

पण बाईसाहेब, तुम्ही तरी काय करताय? सोनल जाता जाता दारात बोलली. दीदी मेसमध्ये येत नाही. बिस्किटावर दिवस काढते. दिवाळीला घरी गेली नाही, कारण काकूंना तोंड कसं दाखवू म्हणते. गाईडना राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, दिलेलं नाही. हा कुणाचा नवस? माझा उपास सोडवलास आणि तोच स्वतः धरून बसलीस? आपल्या घरात एका वेळी एकीनं तरी जेवायची रीत पाडू या की गं!

ते पत्र द्यायचं का नाही, तुझं तू ठरव. ते मला कळत नाही. पण उपाशीपोटी ठरवू नकोस. त्या वेळी डोक्यात फक्त दुरुस्तीचं वर्कशॉप चालू असतं, तूच सांगितलंयस.

मी आपलं ठरवलं. देवाला मघाशी सांगून टाकलं, की बाबा नरसिंहा, पोरगी खोटं बोलली, पण आईच्या तोंडात घास पडावा म्हणून बोलली. तुला चालत नसेल तर मला शिक्षा कर, मात्र उपासाची नको. ती मी बरीच भोगली. शनिवार मी सोडणार नाही, तो लग्नाआधीपासूनचा आहे, त्यात तुझ्या म्हस्कूनं लुडबूड करायची नाही. पण तो दिवेलागणीला सुटतो. आणि आता दिवा लागलाय.

डब्यात बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी आहे. सोनललाही दे, बिचारीची जीभ भाजलीय. पुढच्या शनिवारी घरी ये. स्फटिक आणू नकोस, नुसती ये. खरं खरं सांग, काय काय वाया गेलं. मी करंज्या लाटते, तू परत उंदीर कर.

तुला शास्त्रात पुरावा लागतो. म्हणून हा कागद ताटाशेजारी ठेवूनच लिहिते आहे. बाबा समोर बसलेत, दुसऱ्यांदा भात वाढतायत. या शेवटच्या ओळीवर पिवळा डाग पडलाय तो वरणाचा आहे. पुसला नाही.

तुझी,
जेवत असलेली,
आई