पेरूची पानं, स्पिरिट आणि माझी घाई

तीर्थरूप मावशीस वाकून नमस्कार. (तुझ्या गुडघ्यांनाही वेगळा सांग, नाहीतर रुसायचे.)

"ही पोर एकटी राहिली तर कुणाला तरी आजारी पाडेल," असं तू मी सहा वर्षांची असताना म्हणाली होतीस. मी बाहुलीला चिखलाचं औषध पाजत होते. आता काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवते आणि त्याचा पगार घेते. तब्येत कशी आहे? मांजर नीट खाते ना? घाबरू नकोस, या वेळी तुला इकडे बोलावण्यासाठी लिहीत नाही. आधीचे तिन्ही नकार मला तोंडपाठ आहेत.

लिहायचंय ते पानांबद्दल. तू परसातल्या पेरूची पानं उशीच्या अभ्र्यात भरून पाठवलीस, ती मी खोलीतल्या जादा पलंगावर पसरून वाळवली (तेवढाच तो पलंग कुणाच्या तरी उपयोगी पडला), कुटली, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला आणि त्यात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या जंतूंच्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक टिकलीभोवती कोटाच्या बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ, आत जंतू औषधालाही सापडेना! आनंद सांगायला माणूस शोधत खाली गेले, तर सुट्टीमुळे एकटा पहारेकरी. तो एकदम गंभीर झाला. "मेले? सगळे? अरेरे. बाई, सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुम्ही त्यांना बघायला यायचात हो." मी चक्क "हो ना" म्हटलं. मग तुला फोन केला.

तिथंच चुकलं. सोमवारी आमच्या प्रमुख बाईंनी बशी उचलली आणि नुसत्या स्पिरिटची टिकली दाखवली (तुलनेसाठी अशी एक ठेवतात, अर्काशिवायची). तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ! "टिकल्या वाळू दिल्या होत्या का?" नव्हत्या. "मग हा पराक्रम स्पिरिटचा. तुमची पानं नुसती सोबतीला होती."

घाई झाली होती गं मला. नुसतं 'काय करतेस' विचारायला फोन केला की तू दूध उतू जातंय म्हणून ठेवतेस. म्हटलं, काहीतरी बातमी हातात असली की बोलशील. आणि बोललीस की, चांगली दूध आटेपर्यंत.

नीट वाळवून पुन्हा केलं. या वेळी नखावरच्या चंद्राएवढी कड आली. खरी, पण एवढीशी. तेव्हा शेजारच्या काकूंना तू जो पाल्याचा काढा पाजते आहेस, तो कृपा करून थांबव. 'माझी भाची शास्त्रज्ञ आहे' एवढं मात्र चालू ठेव.

तुझी भाची

ता. क. आणखी पानं लागतील. टपालात बुरशी येते, कुणीतरी हातानं आणायला हवीत.

पुन्हा ता. क. खोटं कशाला बोलू, पेरूचं झाड आमच्या फाटकाशीच आहे. पानं नकोत. तू ये. जमतील तेवढे दिवस, मांजरीसकट ये. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. पण पत्रानं नको म्हणूस. फोन कर, आणि सगळी कारणं सांगत, सावकाश नाही म्हण.