एकशे सात बुबुळं

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते दोनदा उलटसुलट केलं असशील आणि कुणी गेलं की काय अशा चेहऱ्यानं फोडलं असशील. कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, डावा गुडघा सोडून. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम पानंच्या पानं लिहिते आहे, याचं कारण सांगेन, पण आधी बातमी ऐक. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं आहे. हसून घे पोटभर, मी थांबते.

कपांचा कारखाना बंद पडल्याचं तुला तुझ्या दादांकडून कळलंच असेल. एकोणीस वर्षं मी कपांच्या कडांवर पानंफुलं रंगवली. मग एक यंत्र आलं, माझं महिन्याचं काम ते दुपारपर्यंत छापून मोकळं व्हायचं, आणि आम्हा अकरा जणींच्या हातात एकेक कपबशी देऊन आम्हाला वाटेला लावलं. माझी कपबशी मी घरी येऊन फोडली, मुद्दाम. त्यानंतर चार महिने मी काही म्हणता काही केलं नाही. सकाळी उठायचं कशाला, हाच प्रश्न होता, आणि विचारायलाही घरात कुणी नव्हतं. एक दिवस कॉलेजच्या फाटकावर कागद चिकटवलेला दिसला. कृत्रिम डोळे बनवायच्या कामाला शिकाऊ उमेदवार हवा, आठवड्यातून एक दिवस वर्गात, पाच दिवस कार्यशाळेत, हात स्थिर हवा, वयाची अट नाही. हात तर माझा दगडासारखा स्थिर आहे, तूच म्हणायचास.

प्रवेशाच्या रांगेत सगळी सतरा-अठराची पोरं आणि त्यांचे आईबाप. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, प्रवेश कुणाचा, मुलाचा की मुलीचा? मी म्हटलं, मुलीचा. तोंडातून निघून गेलं रे. वय विचारलं, तर सतरा सांगितलं, बोटांवर न मोजता. त्यानं अर्ज पुढे सरकवला आणि जिथं पालकाची सही लागते तिथं मी झोकात सही ठोकली. मग तो म्हणाला, अहो, मुलीचं नाव सांगा ना, मागे रांग आहे. तेव्हा मी भानावर आले. म्हटलं, फाडा तो, माझ्याच नावानं करायचाय. तो जाम वैतागला, नवा अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायला लावला. पालकाच्या जागी या वेळी मी आडवी रेघ मारली. बाहेर येऊन सायकलींच्या रांगेपाशी उभी राहिले आणि खूप रडले. आपली चिमी आज सतराची असती, हे मी आठ वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते, आणि तेही कुणापुढे, तर एका कारकुनापुढे.

कार्यशाळा दोन खोल्यांची आहे, उत्तरेकडे मोठी खिडकी. चालवणाऱ्या बाई साठीच्या, बोलायला फटकळ, हात मात्र लोण्यासारखा मऊ. तीन महिने मला बघणार आणि मग कॉलेजला पत्र देणार, ही उमेदवार ठेवायची की परत पाठवायची. पत्र उलटं गेलं असतं तर मी पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन बसले असते. म्हणून जीव तोडून काम केलं. डोळा कसा होतो ते ऐक. आधी खोबणीचा साचा घेतात, मग मेणाचा डोळा करून बसवून बघतात, मग पांढरा टणक डोळा ओततात. लाल रेशमाचा दोरा पिंजून त्याचे तंतू चिमट्यानं पांढऱ्यावर ठेवतात, त्या शिरा. आणि बुबुळ वेगळं रंगवतात, शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या चकतीवर, थरावर थर. दिव्याखाली नाही, दिवसाच्या उजेडात, माणसाला समोर खुर्चीत बसवून. पण शिकाऊ बाईपुढे कोण रोज तासभर बसणार? म्हणून सराव मी मनानेच करायचे. दिवसाला दोन-तीन चकत्या, सगळ्या ओळीनं अंड्यांच्या खोक्यात.

तिसऱ्या महिन्यात मला पहिलं माणूस मिळालं, एक शिंपीणबाई. आजारपणात डावा डोळा काढावा लागलेला. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या ब्लाउजची बाही कशी चुकलीय ते मला समजावून सांगितलं. तीन बैठका झाल्या, डोळा बसवला, आरसा दिला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, डोळा सुरेख झालाय हो, पण हा पिवळा ठिपका माझा नाही. मला वाईट शिवलेलं उसवता येतं, तुम्हालाही येत असेल ना?

मी वाकून बघितलं. बुबुळात अगदी खालच्या कडेला, मधोमध, मोहरीएवढासुद्धा नाही, असा पिवळसर ठिपका. त्यांच्या चांगल्या डोळ्यात तसं काही नव्हतं. तुला कळलंच असेल तो कुणाचा ते.

शिंपीणबाई गेल्यावर बाईंनी माझी अंड्यांची खोकी आणली आणि चकत्या टेबलावर मांडल्या. एकशे सात. रंग कुठे काळसर, कुठे तांबूस, पण ठिपका प्रत्येकीत, त्याच जागी. मला शप्पथ माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी मुलगी, नऊ वर्षांची होती, तीन दिवसांच्या तापात गेली. मला वाटलं आता त्या जवळ घेतील. पण त्या म्हणाल्या, तिला या खुर्चीत बसवता येणार नाही, जी बसलीय तिच्याकडे बघ, आणि दुसऱ्यांदाही असंच झालं तर मी कॉलेजला नाही म्हणून कळवणार. खूप राग आला मला त्यांचा. घरी येऊन भांडी आपटली.

लंबू, मला तुझी माफी मागायची आहे. चिमी गेल्यावर तू तिच्याबद्दल बोलायला बघायचास आणि मी ताटावरून उठून जायचे. तिचं नाव काढायचं नाही, असा मी घरात कायदाच केला होता. तुला वाटलं मी कोरडी आहे, आणि एक दिवस तू तुझी बॅग आणि तिच्या फोटोंचा अल्बम घेऊन दादांकडे निघून गेलास. अल्बम तरी ठेव, असंसुद्धा मी म्हटलं नाही, कारण ते फोटो बघायचं बळ माझ्यात नव्हतं. जो तो आपापल्या परीनं झुरतो. मी तुला बोलून मोकळं होऊ दिलं असतं तर आपण कदाचित अजूनही एकाच घरात असतो. ही चूक माझी आहे.

दुसऱ्या खेपेला मी शिंपीणबाईंकडे बघितलं. खरंच बघितलं, इतर काही मनात येऊ न देता. त्यांच्या बुबुळाच्या कडेला एक करडी वळणदार रेघ आहे, बाहुलीभोवती विटकरी झाक आहे, ती आधी मला दिसलीच नव्हती. प्रत्येक थराला मी मनातल्या मनात चिमीला म्हणत होते, तू जरा बाजूला हो, बाळा. आणि ती झाली. आरशात बघून शिंपीणबाईंनी आधी स्वतःचा पदर नीट केला, मग माझा हात धरला. बाईंनी त्याच दिवशी कॉलेजला पत्र दिलं. मला ठेवलंय.

आनंदाची गोष्ट आहे ना? काल सुट्टी होती. खिडकीपाशी बसून मी ठरवलं की आता एकदाच, जाणूनबुजून, चिमीचे डोळे करायचे. दोन्ही. जोडी करायची आणि ठेवून द्यायची. दोन चकत्या समोर घेतल्या, तपकिरी थर दिले, सुंदर उतरले. मग ठिपक्यासाठी ब्रश उचलला आणि हात तिथंच थांबला. एकशे सात वेळा तो मी काढला, पण सुट्या चकतीला डावं-उजवं नसतं. मला आठवेना रे, ठिपका तिच्या कुठल्या डोळ्यात होता. उन्हं उतरेपर्यंत बसले. डोळे मिटून तिला समोर उभं केलं, तर ती कधी या डोळ्यानं, कधी त्या डोळ्यानं बघते. मी तिची आई आहे आणि मला हे माहीत नाही. म्हणून हे पत्र. परत ये म्हणत नाही, फोटोही पाठवू नकोस, तो तुझ्याजवळच राहू दे. तुला तोंडपाठ असेल तर तसंच, नाही तर अल्बम उघडून बघ, आणि एका कार्डावर एकच शब्द लिही, डावा की उजवा. आपल्याला समोरून दिसतो तो नको. तिचा.

अजून तरी तुझीच,
बुटकी