भांग नसलेली थंडाई

महाशिवरात्र, सायंकाळ

आमच्या भजनी मंडळात गायनापूर्वी भांगेची थंडाई घेण्याची रीत आहे. तिच्याशिवाय महादेव गळ्यात उतरत नाही, असे मीच सर्वांना सांगत आलो. यंदा डॉक्टरांनी भांग मला वर्ज्य केली. परंतु गाणे सोडणे मला मान्य नव्हते. मी सूनबाईस नेहमीप्रमाणे माझ्यासह सर्वांसाठी भांगेची थंडाई घोटावयास सांगितले.

आज दौलताबादच्या देवळात आवाज असा लागला की माझा मलाच विश्वास बसेना. पखवाजावरचे किसनराव डोलत म्हणाले, "तात्या, आज लई चढलीय बघा! माझी तर बोटंच थांबंनात."

घरी परतल्यावर सूनबाई म्हणाली, "तात्या, रागावू नका. भांग घातलीच नव्हती. हिरवा रंग यावा म्हणून विड्याची पानं वाटली."

विड्याची पाने! मी रागावलो का? क्षणभर, होय. मग तो आवाज कोणाचा होता? माझाच. केवळ माझा. फार समाधान वाटले. परंतु विड्याच्या पानांनी किसनरावांना काय चढले असावे?

"पुढच्या वर्षीही अशीच कर," मी तिला म्हणालो. "मात्र किसनरावांना कळता कामा नये. त्यांचा हात बिघडेल."