मावशीच्या टाक्यांचा आलेख

सोमवार, ९ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. तब्येत बरी असेल असं लिहिणार होते, पण ते वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही. शनिवारी काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. साडेअकराला तू आणि काका प्रदर्शनात आलात.
२. माझ्या गोधडीसमोर तू थांबलीस. पाटीवर लिहिलं होतं, 'कंपन : एका हाताचं निरीक्षण'.
३. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय सुंदर थरथर पकडलीय." तू म्हणालीस, "पकडली खरी. माझी आहे ती."
४. काकांनी तुझ्या हाताकडे पाहिलं. तू तो शालीखाली घेतलास.
५. माझ्याशी न बोलता तू गेलीस.

कल्पना कशी सुचली, असं तिथे सगळे विचारत होते. कारखान्यात यंत्रांचं कंपन मोजते, त्यातून सुचली, असं मी सांगत होते. ते अर्धंच खरं. जूनमध्ये तू उशीचा अभ्रा शिवत होतीस. तुझे टाके म्हणजे आखल्यासारखे, पण त्या दिवशी प्रत्येक चौथा-पाचवा टाका डावीकडे सरकत होता. यंत्राचं बेअरिंग झिजू लागलं की कंपन नोंदवणाऱ्या आमच्या कागदावरची रेघ अशीच हलते. अभ्रा मी मागून नेला, टाके भिंगाखाली मोजले, आलेखावर उतरवले आणि मग निळ्या कापडावर. वाईट दिसलं. कापड राखाडी घेतलं, दोरा जाड केला, टाके दुहेरी घातले. चौथ्या खेपेला जमलं. इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

मग दर महिन्याला मी तुला टाके घालायला कापडाचा एक कोरा चौकोन आणून देऊ लागले. "तुझ्या हातचं काहीतरी माझ्या घरात असावं," म्हणायचे. तू म्हणायचीस, "म्हातारीच्या वाकड्या टाक्यांचं काय लोणचं घालणार आहेस?" ऑक्टोबरात म्हणालीस, "यंत्रांना तेल घालतेस ना, दोन थेंब माझ्याही मनगटात सोड." मी हसले. घरी जाऊन ते वाक्य वहीत तारीख घालून लिहिलं.

हाताला काय झालंय, ते तू तेव्हा मला विचारत होतीस. मला ते कळलं होतं. यंत्राची रेघ अशी दिसली असती तर मी ते त्याच दिवशी बंद करून फिटरला बोलावलं असतं. तुला मी पुढचा चौकोन दिला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि हाताची थरथर थांबली तर गोधडी अपुरी राहील, असं माझ्या मनात आलं होतं. एकदाच नाही.

गोधडी काल उतरवली. तुझे चौकोन आणि माझी वही सोबत पाठवते आहे. वही फाडावीशी वाटेल, पण फाडू नकोस. हाताची थरथर कधीपासून आणि किती वाढत गेली, ते डॉक्टरांना तिच्यात दिसेल. मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शुक्रवार, २० तारीख, सकाळी दहा.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मी सुटेन.

त्या दिवशी बरोबर मी यावं की काकांनीच, एवढं मंगळवार, १७ तारखेपर्यंत कळव.

तुझ्या बहिणीची मुलगी